कॅशमियरले चिन्नोरची कांजी

नाही, तुम्हीच सांगा न, माणसानं भरोसा ठेवाव तं कोणावर ठेवाव? बायकोवर ठेवला, चाळीस वर्षं झाले... इस्त्रीवाल्या भैय्याजीवर ठेवला, तीस वर्षं झाले... आंधळगावच्या देवकाबाईवर ठेवला, पुरे बारा दिवस... अन् सगळे आतून मिळालेले! सगळेच्या सगळे! मी एकटा न्हाणीत पाटावर बसून स्वेटरले शाम्पू लावून राहिलो, अन् बाहेर अर्धी लाखनी हासून राहिली! भरोसा ठेवला न मी, हेच चुकलं माह्यं!

थांबा, असं अर्ध्यातून नाही समजणार. बसा न. तुम्हाले सुरुवातीपासून सांगतो. मी यादोराव. इथंच लाखनीत, हायवेच्या अंगाले घर, ट्रक गेला की फडताळातले भांडे वाजतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख होऊन रिटायर झालो. पण यादोराव म्हणून विचाराल तं कोणी घर नाही दाखवणार. 'कडक सर' म्हणा, पानठेलेवाला बोट करून दाखवते. काहून कडक? स्वभावामुळं नाही बरं! म्हणजे लोक तसं म्हणतात, पण लोकायचं काय घेऊन बसले... कपड्यामुळं! छत्तीस वर्षं पांढरा शर्ट, पांढरा पॅन्ट, अन् त्याले कांजी. ती पुडीतली भुकटी नाही! घरच्या चिन्नोर तांदळाचा भात टाकाचा, वरची पेज काढाची, धोतराच्या फडक्यानं गाळाची, त्याच्यात शर्ट बुडवाचा, अन् वरून भैय्याजीची कोळशाची इस्त्री. पौर्णिमेले विहारात वंदनेले बसलो तं मागचे म्हणत, सर वाकले वाटते, आवाज आला! माह्यं म्हणणं सरळ होतं बाप्पा... माणूस आतून कसाही असो, बाहेरून उभा दिसला पाहिजे.

आता या कांजीपायी घरात माह्यं एक वैर आहे, तेही सांगून टाकतो. घरी एक बकरी आहे. मैना नाव. सुमनची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीची. माह्या रिटायरमेंटचा दिवस, पंचायत समितीच्या हॉलमध्ये सत्कार, खुर्च्या मांडल्या, माइक लावला... अन् इकडे दोरीवर टाकलेला माह्या सत्काराचा शर्ट मैनानं कॉलरपासून दुसऱ्या बटनापर्यंत खाल्ला! बटन थुकलं. बटन बरोबर थुकलं! तिले काय, चिन्नोरची चव लागली, तिले वाटलं ताट वाढलं. अन् सुमन काय म्हणते? "बकरीले काय समजते? तुम्हीच खालच्या दोरीवर टाकला." ऐका! ज्यानं खाल्लं त्याची चूक नाही, ज्याचं खाल्लं त्याची चूक! मी चौकटीच्या शर्टात सत्कार घेतला, फोटो लागला आहे भिंतीवर. त्या दिवसापासून मी त्या बकरीसंग बोलत नाही. हासू नका. मी बोलणं बंद केलं की बंद.

मनालीसंगही बंद होतं. दोन वर्षं.

मनाली म्हणजे लेक माह्यी. एकुलती एक. आता तुम्हाले काय सांगू... माह्या बापानं जिंदगीभर दुसऱ्याच्या बांधीत चिखलात उभं राहून धानाचे रोवणे केले. मी शिकलो, खुर्चीवर बसलो. म्हटलं, पोरगी त्याच्या पुढच्या खुर्चीवर बसन. बी.एड.ची सीट पक्की केली, पुस्तकं आणले, कव्हर घातले, स्वतः घातले! अन् ही जेवता जेवता म्हणते, "बाबा, मले मास्तरीण नाही व्हायचं. मले सुताचं काम शिकाचं आहे." सुताचं काम! मी म्हटलं, का वो, तुले मी शिकवलं ते सूत काताले? ती म्हणते, "मले आवडते." बस, एवढंच. आवडते! लहानपणी आंधळगावच्या देवकाबाईच्या मागावर नेऊन बसवत होतो तिले उन्हाळ्याच्या सुट्टीत, कोसा रेशीम विणते ती बाई, जुनी ओळख... तिथंच बिघडली. गेली नागपूरले, कोर्स केला, अन् तिकडून थेट लुधियानाले, लोकरीच्या कंपनीत, स्वेटरचे नमुने बनवाले. नागपूरले निघाली तेव्हाच मी दारातून म्हटलं, "चालली तं चालली, मले फोन करू नको."

अन् तिनं नाही केला! दोन वर्षं! माह्यीच पोरगी न ती... माह्याहून कडक निघाली. रोज सातले आईले फोन. मी आपला बाजूच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसत होतो. बातम्या ऐकू येत नव्हत्या अन् तिकडचंही नीट समजत नव्हतं.

तं यंदा धान चुरून झालं, मळणी आटोपली, अन् पार्सल आलं. माह्या नावानं! आत एक स्वेटर. रंग कसा, पिकल्या धानाच्या लोंबीचा. अन् चिठ्ठी... "बाबा, हे माझ्या हातचं पहिलं पूर्ण काम. कॅशमियर आहे, लोकरीतली सगळ्यात मऊ. सहा जानेवारीला येते. तेव्हा अंगात घातलेलं दिसलं पाहिजे." तुम्हाले सांगतो, दोन वर्षात पहिलं अक्षर! चिठ्ठी मी चारदा वाचली, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मग स्वेटरले हात लावला तं हाताले समजेच न का काय लागलं का नाही. इतकं मऊ! घातलं तं असं वाटे का अंगावर कोणी नुसता हात ठेवला आहे. सुमननं विचारलं, कसं आहे? म्हटलं, "ठीक आहे." पण रात्रभर अंगातच होतं, सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घालून निघालो फिराले. अन् चौकात वासुदेवराव भेटले, माह्यासंगचेच रिटायर मास्तर. पाहते का नाही, काठीच टेकली त्यायनं. "सर! तब्येत बरी नाही काय? आज ढिले दिसून राहिले." ढिले! मी! पुढं औषधाच्या दुकानातला म्हणते, "सर, बीपी पाहू काय, खांदे पडले तुमचे." आता खांदे काय माह्ये पडले? स्वेटर मऊ, ते अंगाप्रमाणं पडते! पण ते माह्या डोक्यात बसलं न. पोरगी दोन वर्षानं येणार, अन् बाप दारात कसा उभा? ढिला? तिले वाटन, मी गेले अन् बाबा खचले. नाही! बाप उभाच दिसला पाहिजे.

आतमध्ये एक पट्टी शिवली होती, धुण्याची. बारीक बारीक चित्रं. बादली, तिच्यावर फुली. मी म्हटलं, हे बरोबर आहे, बादलीत धुवाचं नाही. मी नाहीच धुणार बादलीत! गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात धुवू. छत्तीस वर्षं पोरायले सांगितलं, सूचना काळजीपूर्वक वाचा.

चिन्नोरची पेज काढली, दाट, दोनदा गाळली. गंज अन् स्वेटर दोन्ही घेऊन भैय्याजीकडे गेलो. भैय्याजी म्हणजे आमच्या बसस्टँडसमोरचा इस्त्रीवाला, तीस वर्षं माह्या शर्ट त्याच्याच हातचा. त्यानं स्वेटर हातात घेतलं, माह्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं. मी म्हटलं, "भैय्याजी, डबल दे. पोरगी येऊन राहिली." तो म्हणते, "डबल, सर?" मी म्हटलं, "डबल."

संध्याकाळी आणून दिलं. घडी करून नाही... होतच नव्हती घडी! उभं धरून आणलं, दोन्ही हातानं, जसं कोणी काच आणते. मी खुर्चीवर ठेवलं तं बसेच न! उभं राहे! दोन्ही बाह्या समोर, परेडीतल्या पोरासारख्या. बोटानं वाजवून पाहिलं... टक टक! अंगात घालाले गेलो तं डोकं आत गेलं अन् बाहेर निघेना, बापा! आत अंधार, भाताचा वास, अन् कान सोलून निघाले. तसाच चाचपडत भिंतीले धरून धरून बाहेर काढलं. अन् मग मी खाटेवर बसलो. म्हटलं, यादोराव, पोरीनं पाठवलेलं पहिलं काम... तुम्ही त्याचा पापड केला.

ती येणार, अन् पहिले काय करणार? बाही पकडणार! दोन बोटात, अशी. धंदाच तो तिचा, बोटानंच ओळखते. अन् तिले काय वाटन? बाबानं मुद्दाम केलं. माह्या कामाची किंमत नाही केली, अजूनही नाही केली. बॅग नाही उघडणार ती, परतीच्या गाडीत बसन. ओळखतो न मी, माह्यीच आहे!

गेलो भैय्याजीकडे तणतणत. म्हटलं, "का रे, तुले माहीत होतं?" तो मान खाली घालून म्हणते, "होतं, सर. लोकरीले कांजी नाही देत." "मग थांबवलं काहून नाही मले?" तं म्हणते कसा... इस्त्री बाजूले ठेवली, अन् हळूच म्हणते, "सर, तुम्हाले थांबवते कोण?" पाहा! तीस वर्षाची दोस्ती, अन् ऐन वक्तावर हे! त्याच घडीले बोलणं बंद केलं मी त्याच्यासंग. भरोसा ठेवला न मी, हेच चुकलं माह्यं!

आता लपवाव कुठं? पेटीत मावेना, वाकेच न! शेवटी धानाच्या कोठीमागं उभं केलं भिंतीले टेकवून. सुमनले काही सांगितलं नाही. सकाळी पाहतो तं मैना! कोठीमागं! बाही चाटून राहिली, आरामात, डोळे मिटून! पोटुशी होती तं जास्तच भूक. मी धावलो, ओढली बाही... अन् तुम्हाले सांगतो, जिथं चाटलं तिथं मऊ! तेवढाच तुकडा, वीतभर, पण मऊ! एक वेळ मनात आलं बरं का, का सगळं स्वेटरच टाकाव हिच्यासमोर, चाट बाई... पण बोलणं बंद होतं न. सांगणार कसं तिले?

अन् योगायोग पाहा... योगायोग म्हणलं मी तेव्हा, आता नाही म्हणत... त्याच दुपारी देवकाबाईचा फोन! वर्षात कधी न येणारा! "सर, किती दिवस झाले, या न एकदा आंधळगावले. काही कपड्याचं काम असन तं तेही घेऊन या." कपड्याचं काम! मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं का नाही? पण माह्या डोक्यावर स्वेटर बसलेलं. पोत्यात घातलं अन् गेलो.

देवकाबाईनं मागावरून उठून हात पुसले, स्वेटर पाहिलं, वाजवून पाहिलं. हासली नाही. तेवढी चांगली आहे बाई. म्हणते, "सर, हे कायचं आहे माहीत आहे तुम्हाले?" म्हटलं, "कॅशमियरचं." म्हणते, "होय न, पण ते कायपासून होते? बकरीपासून. थंड्या डोंगरातली बकरी, तिच्या आतले बारीक केस. हिवाळा सरला का विंचरून काढतात." बकरी! तुम्हाले सांगतो, मी खाली बसलो! ज्या जातीसंग मी सात वर्षं बोललो नाही, तिचे केस मी अंगात घालून रात्रभर निजलो!

"तं केस जसे धुता तसेच धुवा," देवकाबाई म्हणते. म्हटलं, बाई, माह्या डोक्याकडे पाहून बोला, केस धुतल्याले पंधरा वर्षं झाले! ती म्हणते, "लिहून घ्या." अन् मी, केंद्रप्रमुख, वहीत लिहून घेतलं. थंडं पाणी, गरम बिलकुल नाही. लहान लेकराचा शाम्पू, झाकणभर. नुसतं बुडवून ठेवाचं, घासाचं नाही, पिळाचं नाही. पाणी बदलाचं, पेज निघते तवर. शेवटच्या पाण्यात केसाले लावाचं कंडिशनर, थोडंसंच. मग टॉवेलात गुंडाळून दाबाचं. दोरीवर टांगाचं नाही, सावलीत सपाट पसराचं. एका दिवसात होत नाही, दहा-बारा दिवस लागतात. अन् मग म्हणते, "एक गोष्ट अजून, सर. ओढू नका. तुमच्या मनाचा आकार देऊ नका त्याले. त्याचा आकार त्याले माहीत आहे, तुम्ही फक्त मोकळं पसरून ठेवा." मी म्हटलं, बाई, तुम्ही तं फारच शिकल्या. ती म्हणते, "शिकवणारी चांगली भेटली, सर." मी तिथंही नाही समजलो! काय म्हणाव मले?

मग सुरू झाली माह्यी तपश्चर्या. पहिले दुकान. जीवनचं जनरल स्टोर, माह्याच हातचा विद्यार्थी, सातवीत मी त्याले बाकावर उभा केला होता. मी हळूच म्हटलं, "एक शाम्पू दे, लहान लेकराचा. अन् एक कंडिशनर." तो माह्या टकलाकडे पाहते, मग बाटलीकडे पाहते. "सर, कोणत्या केसासाठी? कोरडे का तेलकट?" म्हटलं, "बकरीचे." तोंडातून निघून गेलं! दुकानात चार बाया. पोट्ट्यानं बाटली दिली अन् पाठ फिरवून खांदे हालवून हासला.

रोज सकाळी न्हाणीत. कडी लावून. पौष लागलेला, पाणी असं का बोटं आपली वाटत नव्हती. भिजवाचं, थांबाचं, पाणी ओताचं, परत भिजवाचं. पहिल्या दिवशी पांढरं पाणी निघालं, दुसऱ्या दिवशी पांढरं, तिसऱ्या दिवशी पांढरं... किती कांजी पेली होती त्यानं! अन् बाहेरून सुमन, "अहो मनालीचे बाबा, काय करून राहिले आत? दीड तास झाला!" मी म्हणे, "पोट बिघडलं." ती म्हणे, "मग शाम्पूचा वास काहून येऊन राहिला?" आता काय उत्तर द्याव? बाहेर आलो तं नाक लावून हुंगे मले. "या वयात खुशबू?" अन् तोंडाले पदर. मले वाटे, शंका घेऊन राहिली बिचारी. बिचारी! पदराआड काय चालू होतं ते आता समजलं न मले.

दिवसा स्लॅबवर. खाट टाकाची, पांढरी चादर, तिच्यावर स्वेटर सपाट, वरून मच्छरदाणी, अन् शेजारी मी काठी घेऊन. मैना जिन्यावरून पाहे, मी तिच्याकडे पाहे. शेजारच्या गोदावरीबाई खालून विचारे, "सर, मुंगाच्या वड्या टाकल्या काय? राखण करून राहिले." मी म्हणे, "हो." "किती दिवस वाळतात वो?" म्हणे. सुकलं का मग बारीक फणी घेऊन, सुमनची उवा काढाची जुनी फणी, हळूहळू विंचराचं, ज्या गाठी गाठी आल्या होत्या त्या काढाच्या. ओढाचं नाही. मी... मले ओढल्याबिगर कोणतंच काम येत नाही, तुम्हाले सांगतो. पोरं ओढले, शाळा ओढली, घर ओढलं. अन् इथं बसून राहिलो, नुसता बसून, ओलं होतं ते वाळेपर्यंत.

दहाव्या दिवशी नरमलं. खुर्चीवर ठेवलं तं बसलं स्वेटर! बाह्या खाली पडल्या. बाराव्या दिवशी हात फिरवला अन् हात थांबला माह्या. लहानपणी मनालीले ताप आला का तिच्या टाळूवर असाच हात फिरवत होतो मी, तेव्हा ती झोपे. तिथंच स्लॅबवर रडलो मी. कोणी नव्हतं, मैना होती. तिनं पाहिलं, पण ती सांगणार कोणाले?

आली सहा तारीख. सकाळचं धुकं, हायवेवरचे ट्रक लाइट लावून चाललेले. मी लवकर अंघोळ करून, स्वेटर घालून, दारात उभा. ढिला तं ढिला! सुमन गोठ्यात, मैना रात्रीच व्याली होती, तिचा काहीतरी गोंधळ चालू. मी म्हटलं, असू दे, आज मायलेकीचं नाही, आज बापलेकीचं आहे. ऑटो थांबला. उतरली. बारीक झाली जरा. बॅग खाली ठेवली, माह्यापुढं आली... अन् तेच, जे मी म्हटलं होतं! दोन बोटं. बाही पकडली. दाबली, सोडली, परत दाबली. दोन वर्षात पहिला शब्द बोलणार ती. काय बोलणार?

ती म्हणते, "बाबा, पेज चिन्नोरची होती का एचएमटी तांदळाची?"

हो! हेच! हाच पहिला शब्द! मी म्हटलं, "तुले कोणी...?" तं मागून गोठ्यातून सुमन हासून राहिली, लपवाचीही तयारी नाही! तुम्हाले सांगतो, त्या भैय्याजीनं... ज्या संध्याकाळी स्वेटर आणून दिलं न, त्याच्या पहिलेच त्यानं सुमनले फोन लावला होता! सुमननं पोरीले लावला. कोठीमागं उभं असलेल्या स्वेटरचा फोटो काढून पाठवला, मैनासकट! अन् पोरीनं देवकाबाईले! थंडं पाणी, झाकणभर शाम्पू, ओढू नका, मनाचा आकार देऊ नका... ते सगळं मनालीचं! हिनं तिकडून सांगाव, देवकाबाईनं इकडे म्हणाव, अन् मी वहीत लिहून घ्याव! जीवननंही खबर दिली म्हणे, 'सरनं बाटली नेली'. अन् मी न्हाणीत कडी लावून बसे! एकानं, एकानं तरी म्हणाव न, सर, आम्हाले माहीत आहे? घरचे, दुकानचे, मागावरचे... सगळ्यायनं मिळून एका म्हाताऱ्याले बारा दिवस थंड्या पाण्यात बसवलं! भरोसा ठेवला न मी, हेच चुकलं माह्यं!

मी म्हटलं, "मग मले सरळ फोन काहून नाही केला?" ती म्हणते, "तुम्हीच म्हटलं होतं, करू नको म्हणून." अन् मग तिचे डोळे भरले... अन् माह्ये तं होतेच. तिनं डोकं टेकवलं इथं, खांद्यावर, स्वेटरवर. "मऊ झालं बाबा," म्हणते. मी तिच्या टाळूवर हात फिरवला.

आता इथं गोष्ट संपली असती तं मी आज तुमच्यापुढं बसून कायले बोंबललो असतो? माफ केलं असतं मी सगळ्यायले! भैय्याजीलेही! पण सुमन गोठ्यातून ओरडली, "मनाली, लवकर ये वो! दुसरं पिलू थंडं पडून राहिलं!" पोरगी धावली, मी मागं. मैनाले दोन पिलं, एक उभं होऊन लुचून राहिलं, दुसरं एवढंसं, ओलं, कुडकुडे अन् मान टाके. सुमन गोणपाट घेऊन बसलेली, गोणपाट टोचते. मनालीनं पिलाले हात लावला, अन् वळून माह्याकडे पाहिलं. माह्याकडे नाही, स्वेटरकडे!

"बाबा, काढा."

म्हटलं, "काय काढा?"

"स्वेटर. मऊ पाहिजे अन् गरम पाहिजे. याच्याहून काही आहे काय घरात?"

म्हटलं, "अगं, बारा दिवस! तुह्या हातचं पहिलं काम! मी..." तं माह्यी लेक, जिच्यासाठी मी बोटं गोठवली, जिच्यासाठी टकल्या माणसानं भर दुकानात कंडिशनर मागितलं, ती म्हणते, "बाबा, बकरीचंच आहे ते. लवकर करा." अन् मैना! मैना माह्याकडे पाहून राहिली, सात वर्षानं, सरळ डोळ्यात. तुम्ही असते तं काय केलं असतं? काढलं मी. थंडीत, गोठ्यात, बनियनवर उभा. पोरीनं बाही कापली नाही म्हणा, तेवढी दया केली, बाहीतूनच पिलाचं डोकं बाहेर काढलं, बाकीचं अंगाभोवती गुंडाळलं. अर्ध्या घंट्यात पिलू बें करून उठलं. सगळ्या बाया खूश. आंग चोरून मी एकटा उभा.

जगलं पिलू. चांगलं धडधाकट आहे, तुमच्या आशीर्वादानं, अन् स्वेटर आता त्याच्याच अंगाले. मनाली आठ दिवस राहिली, जाताना वहीत वेळापत्रक लिहून देऊन गेली, कोणत्या वारी स्वेटर धुवाचं. कोणी धुवाचं? विचारता काय! आता हे काम आणखी कोणाले जमते लाखनीत? मैनासंग बोलणंही सुरू करावं लागलं, लेकरू तिचं, कपडा माह्या हातात, बोलल्याबिगर कसं होईन? भैय्याजीसंगही सुरू केलं, शर्ट कडक कोण करणार मंग? पण शर्टाले कांजी आता सिंगल.

अन् दर रविवारी व्हिडिओ फोन येते. मले! माह्या नंबरवर! मी शर्ट घालून, खुर्ची उजेडात घेऊन बसतो. तं ती पहिले म्हणते, "पिलू दाखवा." दाखवतो. मग म्हणते, "स्वेटर दाखवा, बाही दाबून दाखवा." दाबून दाखवतो. मग सगळं झाल्यावर, ठेवता ठेवता... "अन् तुम्ही बरे आहे न बाबा?" तिसरा नंबर! बकरीच्या मागून, बकरीच्या कपड्याच्या मागून, मग बाप! हे ऐकाले जगलो मी? पण बाप्पा, दोन वर्षं तं नंबरच नव्हता. लागला तो पुरे.

उठतो मी. आज रविवार आहे, अन् बाही अजून ओली आहे.